कसं झालं, हे न विचारता

समुपदेशनाच्या वर्गात मी हुशार होते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या हुशारीनंच झालं.

पोरं शिकायला बाहेर पडली आणि भिंगारच्या आमच्या क्वार्टरमध्ये दुपार खायला उठू लागली, तेव्हा मी नगरला शनिवार-रविवारच्या कोर्सला नाव घातलं. वर्गात तीन खुर्च्या मांडायच्या. एकीनं आपली अडचण सांगायची, दुसरीनं ऐकायची आणि तिसरीनं ऐकणारीवर नजर ठेवायची. ऐकणारीनं सल्ला द्यायचा नाही, स्वतःचं घोडं पुढं दामटायचं नाही, प्रश्न विचारून समोरच्याची उलटतपासणी करायची नाही आणि त्याच्याबरोबर आपणही रडत बसायचं नाही. त्याला काय वाटतंय तेवढं ओळखून हळूच म्हणायचं आणि गप्प राहायचं. बाकीच्या बायका दोन मिनिटांत "अहो, माझ्या जावेचंही असंच" वर यायच्या. मी कधीच नाही. मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यांच्याकडून शिका." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर.

घरी नवऱ्यावर सराव चालायचा. "तुम्हाला राग आलेला दिसतोय," मी शांत आवाजात म्हणायची. "राग न्हाई आला, भूक लागलीय," तो म्हणायचा. ह्याला भावनांतलं काही कळत नाही, असं मला वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात कर्जतचे दाजी, आक्काचे मालक, अचानक गेले. आक्का माझी मावसबहीण, पण सख्खीपेक्षा जवळची. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईच्या जागी तीच होती. मला त्या दिवशी ताप होता म्हणून मातीला नवरा एकटाच गेला. दोन दिवसांनी मी एसटीनं निघाले. मिरजगाव मागं पडेपर्यंत रडून घेतलं, कारण आक्कासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं.

आमच्याकडं अशा घरी बाई उंबऱ्यातूनच हंबरडा फोडत आत जाते, गळ्यात पडते, दोघी मनसोक्त रडतात. मग आलेली विचारते, "कसं झालं गं?" आणि घरची पहिल्यापासून सगळं सांगते. येईल तिला पुन्हा तेच सांगते. वर्गात शिकल्यापासून मला हे जखमेवरची खपली काढल्यासारखं वाटू लागलं होतं.

मी आत गेले. आक्का भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले. मी ते हातात घेतले, समोर बसले आणि म्हणाले, "आक्का, तुला फार एकटं वाटत असेल."

"व्हय," ती म्हणाली.

मी गप्प राहिले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. शांतता सहन करायला शिका, असं मॅडम सांगायच्या. मी ती अशी सहन केली की बस. थोड्या वेळानं आक्कानं हात सोडवून घेतले आणि पदर सारखा केला. ती सावरली, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी उठले, तेवढ्यात गल्लीतली एक बाई रडत आत आली. "कसं झालं गं माझे बाय?" मी ओसरीवर चपला घालत होते. आतून आक्काचा आवाज फुटला, "सकाळी चांगलं उठलं, दाढी केली, मला म्हनलं..."

लोकांना कळत नाही, असं मनात म्हणत मी स्टँडचा रस्ता धरला.

पुढच्या शनिवारी वर्गात हा अनुभव मी स्वतःहून सांगितला. शाबासकी हवी होती, दुसरं काय? मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशानं गेले ते?"

"अटॅक आला, असं मिस्टर म्हणत होते."

"बहीण काय म्हणाली?"

"मी विचारलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात, प्रश्न नकोत."

मॅडमनी पुढच्या बाईला बोलायला सांगितलं. मला त्यांचा असा राग आला की घरी येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते. भाकरी थापताना तो राग उतरला आणि खाली नुसती लाज उरली. आक्कानं हात पुढं केले होते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, ती एका प्रश्नाची वाट बघत होती. आणि मी, तिच्या हातची पेज खाल्लेली, तिच्यावर सराव करून आले होते.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं होतं, बोलता आलं नाही. त्यानंतर पुन्हा एकटी गेले. आक्का शेंगा फोडत बसली होती. मी जवळ सरकले. "आक्का, कसं झालं गं? दाजी सकाळी तुला काय म्हणाले होते?"

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"आता न्हाई सांगवत, बाय. आल्या-गेल्याला सांगून सांगून लई दिस झाले," ती म्हणाली. "तू येशील तवा तुझ्या गळ्यात पडून समदं सांगीन, असं धरून बसल्ते. तू इचारलंच न्हाईस."

मला रडू आलं, तिला नाही. ती उठून आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. ह्या घरात मी नेहमी चुलीपाशी बसून पितळीत चहा प्यायलेली. आज तिनं पाहुण्यांची कपबशी दिली.