पुंडलिकरावांचा पाणकावळा

दिघोरीच्या पुंडलिकरावांना जुगाराचा नाद होता, एवढंच म्हटलं तर तो त्यांचा अपमान होईल. पत्ते होते, सट्टापट्टी होती, कोंबड्यांच्या झुंजी होत्या, पण ती झाली रोजची कामं. त्यांचा खरा जीव रमायचा तो फुकटच्या ठिकाणी. शेजारच्या म्हशीला रेडा होणार की पारडी, ग्रामसेवक आज उगवणार की उद्यावर ढकलणार, कीर्तनकारबुवा अभंगाआधी शिंकणार की नंतर, यावर हा गृहस्थ पैज लावायचा. एकदा घरातल्या भिंतीवर दोन पाली समोरासमोर आल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःशीच पैज लावली, तीही हरले, आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी धड बोलले नाहीत.

अशा माणसाबरोबर शकुनबाईंनी सत्तावीस वर्षं संसार केला. घरातून सायकल गेली, मिक्सर गेला, एक बोकड गेला. लेकीच्या लग्नात द्यायला आणलेला पंखा तर लेकीच्या आधी घर सोडून गेला. दर वेळी पुंडलिकराव छातीवर हात ठेवून सांगायचे, की मी खेळलो नाही. सायकल पंक्चर काढायला दिली होती, मिक्सर दुरुस्तीला टाकला होता. बोकडाला दुरुस्ती शोभेना, म्हणून तो रानात हरवला असं ठरलं. शकुनबाईंना सगळं कळत होतं. बोकड गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण नवऱ्याने डोळ्यांत डोळे घालून थाप मारली याचा राग त्याहून मोठा होता.

कडेलोट झाला तो यंदाच्या उन्हाळ्यात. शकुनबाईंचे वडील वारले आणि कोंढ्याला, त्यांच्या माहेरी, तेरवीचं जेवण होतं. पुंडलिकराव आधी फार चांगले वागले. रडायच्या वेळी रडले, पंगतीला पाणी वाढलं, म्हाताऱ्यांची विचारपूस केली. मग स्वतः जेवायला बसले आणि समोरच्या ओळीत बसलेल्या एका मामांकडे त्यांचं लक्ष गेलं. मामा बुंदीचे लाडू एका संथ लयीत खात होते. पुंडलिकराव शेजारच्याच्या कानाला लागले, की मामा दहाचा आकडा गाठणार. शेजारचा म्हणाला, दहा काही होत नाहीत. पैज लागली. नवव्या लाडवानंतर मामांनी पत्रावळीवर हात आडवा धरला, आणि पुंडलिकरावांचं भान सुटलं. ते भर पंगतीत उभे राहून ओरडले, "मामाजी, सोडू नका, एकच राहिला."

पंगत थांबली. मामांचा हात हवेत राहिला. शकुनबाई वरण वाढत होत्या, त्यांनी बादली खाली ठेवली. वडील जाऊन तेरा दिवस झाले होते आणि नवरा त्यांच्या नावाच्या लाडवांवर डाव लावत होता. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. जेवणं उरकल्यावर नवऱ्याला अंगणात बोलावून एवढंच म्हणाल्या, "तुमी जा गावाले. मी दिघोरीच्या मंडईच्या दिवशी येईन. सुधरले दिसले त राहीन. नाही त आल्या पावली परत जाईन, मंग कधीच नाही येत."

मंडईचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांनी घरं फुगतात, पाळणे लागतात, शिंगाड्यांचे ढीग पडतात. आणि बाजाराच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, झंडीमुंडीचा पट अंथरला जातो. कापडावर सहा चित्रं, डब्यात फासे, भोवती माणसांचा गराडा. गेल्या तीस वर्षांत मंडईच्या दिवशी पुंडलिकरावांना शोधायचं झालं, तर कोणी घरी जात नसे, सरळ लिंबाखाली जात असे.

पुंडलिकराव एकटे घरी परतले. दोन दिवस स्वतः भात शिजवून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक मॅडमसमोर जाऊन बसले. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं, लाडवांच्या ठिकाणी रुमाल तोंडाला लावला, आणि सल्ला दिला, की एकटे लढू नका, असाच नाद सोडू पाहणारे सोबती गाठा, आणि रोज थोडा वेळ झाडापाण्यात बसा, पक्षी पाहा. पुंडलिकरावांना हा इलाज फार स्वस्त वाटला. गोळी नाही, सुई नाही, मग बरं कसं होणार, असं ते वाटभर पुटपुटत आले.

सोबती मात्र चटकन मिळाले. परसराम एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, तीनपत्तीत बुडालेला. कृष्णराव धानाचे व्यापारी. त्यांना मोबाईलवरच्या खेळाने असं धरलं होतं, की गिऱ्हाईक समोर उभं असताना ते वजनकाट्याऐवजी फोनकडे पाहून मान हलवायचे. चौथा मंगरू, तलावात मासे धरणारा. कोंबड्यांच्या झुंजीपायी त्याने अंगणातली एकूण एक कोंबडी घालवली होती. या चौघांनी तीन नियम केले. रोज सकाळी साडेसहाला तलावाच्या पाळीवर जमायचं. खेळावंसं वाटलं की कोणालाही फोन करायचा आणि त्याने उचलायचा. आणि कशावरही पैज लावायची नाही. तिसरा नियम ठरताक्षणीच परसराम बोलून गेला, की कृष्णराव आठ दिवसही टिकत नाहीत, कोण लावतो?

पहिला महिना कठीण गेला. परसरामचे हात पत्त्यांवाचून राहीनात, तो पळसाची पानं गोळा करून पिसत बसायचा. कृष्णराव रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवायचे. पुंडलिकरावांना तर पाण्यावरचा हरेक पक्षी बगळाच दिसे. काळा असला तर काळा बगळा, छोटा असला तर बगळ्याचं पिल्लू. मंगरूला हे सहन होईना. त्याचं सगळं आयुष्य पाण्यावर गेलेलं. त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली, ही टिटवी, ही पाणकोंबडी, तो खंड्या, आणि तो पंख पसरून वाळवत बसलाय तो पाणकावळा. कृष्णरावांनी दुकानातली एक वही आणली आणि रोज किती पक्षी दिसले ते लिहू लागले.

मग श्रावणात एके सकाळी पुंडलिकरावांना एक कमळपक्षी दिसला. लांब बोटांचा, पानावरून पानावर चालणारा. पाय टाकला की पान किंचित बुडे, आणि ते बुडायच्या आत हा पुढच्या पानावर. पुंडलिकराव पाहत राहिले. ऊन पाठीवर आलं, चहा निवला, मंगरू डोंगा घेऊन निघूनही गेला. भानावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की एवढ्या वेळात पुढचं पान कोणतं असेल यावर मनातसुद्धा डाव लावला नव्हता. इतका हलका जीव त्यांना लहानपणानंतर कधी लाभला नव्हता. ही गोष्ट सांगायला घरी कोणी नाही, हे आठवून ते तिथेच पाळीवर बसून थोडं रडले. परसरामने काही न विचारता त्यांच्यापुढे पळसाचं पान धरलं, नाक पुसायला.

फोनचा नियमही खरा ठरला. पोळ्याच्या दुपारी मागच्या गल्लीत पत्त्यांचा डाव बसल्याचं पुंडलिकरावांना कळलं आणि पाय आपोआप तिकडे वळले. कोपऱ्यावर थांबून त्यांनी मंगरूला फोन लावला. मंगरूने उपदेश केला नाही. म्हणाला, "जाळं जड झालं, ओढाले या." ते गेले. जाळ्यात चार मुठी मासे आणि एक चप्पल होती, जड काहीच नव्हतं. पण तास दीड तास निघून गेला आणि तोवर डाव उठला होता.

एवढं सगळं नीट चाललं असताना घोळ कुठे झाला? तर पाण्यात एक वाळकी बाभूळ होती तिथे. तिच्या फांद्यांवर पाणकावळे ओळीने बसायचे. दसऱ्याच्या सुमारास परसराम सहज म्हणाला, की डावीकडचा आधी उडेल. कृष्णराव म्हणाले, मधला. याला पैज म्हणायचं नाही असं एकमताने ठरलं. हवामानखातं सांगतं तसा हा अंदाज. दोन दिवसांनी अंदाज चुकणाऱ्याने चहा करायचा असं झालं. चहा तर कोणीतरी करायचाच असतो. आठवड्याने प्रत्येकाचा आपापला पाणकावळा होता. पुंडलिकरावांचा तिसऱ्या फांदीवरचा, एक पंख थोडा तिरका धरणारा. ते त्याच्यासाठी सकाळी देवाला उदबत्ती लावत होते आणि आपण सुधारलो आहोत असं मनापासून समजत होते. वहीत पक्षी लिहायचं कधीच थांबलं होतं.

मंडईचा दिवस उजाडला. चौघांनी ठरवलं, की गावात थांबायचंच नाही. डबे घेऊन सकाळीच पलीकडच्या पाळीवर जायचं आणि शकुनबाईंची बस यायच्या वेळी पुंडलिकरावांनी स्टँडवर हजर व्हायचं. बेत चांगला होता. पण गावातला भोंगा पाण्यावरून थेट कानात येत होता. कृष्णरावांचा गुडघा हलू लागला. परसरामने पानं पिसायला घेतली. पुंडलिकरावांना अकरा वाजता लिंबाखालची गर्दी डोळे मिटूनही दिसत होती. आणि मन रमवायला म्हणून परसरामने बाभळीकडे बोट दाखवलं.

या वेळी चहा पुरेना. कोणीतरी म्हणालं, ज्याचा पाणकावळा सगळ्यांत शेवटी उडेल, त्याने मंडईत जाऊन सगळ्यांसाठी शिंगाडे आणायचे. चौघांनी माना डोलावल्या. मंडईपासून वाचायला इतक्या लांब आलेली ही चार शहाणी माणसं, हरणाऱ्याला एकट्याला लिंबाखालून पाठवायला तयार झाली, आणि त्यात काही वावगं आहे असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मंगरूचा पाणकावळा आधी उडाला. थोड्या वेळाने परसरामचा. राहिले दोन. पुंडलिकराव आणि कृष्णराव उकिडवे बसून आपापल्या पक्ष्याला चुचकारू लागले. बसची वेळ टळून गेली होती, त्याची आठवणही कोणाला नव्हती. पुंडलिकराव हळूहळू उभे राहिले, हात वर केले आणि ओरडू लागले, "उड रे बाप्पा, उड, तुले काय झालं?" तिरक्या पंखाच्या पाणकावळ्याने मान खाली केली, पाय सावरले.

तेवढ्यात पाळीवरून कोणीतरी येताना दिसलं. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, चाल ओळखीची. सहा महिने पुंडलिकराव ही चाल फक्त आठवत होते. त्यांचे वर गेलेले हात तसेच राहिले. मागे कोणीतरी शीळ घातली, कोणीतरी मांडीवर थाप मारली, पाण्यावर पंख फडफडले. शकुनबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

लिंबाखाली पाहून आले, असं त्यांनी सांगितलं. तिथे नव्हते, म्हणून बरं वाटलं. कोणीतरी पाळीवर आहेत म्हणालं. मग त्यांनी विचारलं, की हे ओरडणं कसलं चाललंय.

परसरामची कंडक्टरकी कामाला आली. पक्षीगणना, असं तो ताडकन म्हणाला. कृष्णरावांनी वही उघडून पुढे केली, ती उलटी होती. मंगरूला खोटं जमत नसे, तो पाण्याकडे पाहू लागला. पुंडलिकरावांनी फक्त मान हलवायची होती. थाप तयार होती, सोबत्यांनी मायेने बनवलेली, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने मान हलायलाही निघाली होती. पण समोर ती थकलेली बाई उभी होती, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"पैज लावली मी," ते म्हणाले. "पाणकावळ्यावर. हरलेल्यानं मंडईत जाऊन शिंगाडे आणाचे होते."

परसरामने कपाळाला हात लावला. शकुनबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी बाभळीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. मग अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "मंग? जिंकले का हरले?"

पुंडलिकरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ते माहीतच नाही.

"मले मालूम नाही," ते म्हणाले. "तू येऊन राहिली होती. मी तिकडंच पाहत होतो."

शकुनबाईंनी तोंड फिरवलं. पदराचं टोक डोळ्याला लागलं आणि लगेच खाली आलं. मग त्यांनी पिशवी नवऱ्याच्या हातात दिली, घर झाडलंय का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता गावाकडे चालू लागल्या. पुंडलिकराव पिशवी सांभाळत मागे निघाले. वीसेक पावलं गेले असतील, तोच परसरामला राहवेना आणि त्याने मागून हाक दिली, "पुंडलिकराव, तुमचा पाणकावळा..."

"सांगू नको," पुंडलिकराव मागे न पाहता म्हणाले, आणि बायकोच्या बरोबरीने यायला त्यांनी पाय उचलले.