कानातला पंप

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं इतकं नीट समजावून सांगितलं, की त्यातूनच घोळ झाला.

माझी पोरगी पाच वर्षांची. जाड आवाज ऐकायची, पण कुकरची शिट्टी वाजली तरी मान वळवायची नाही. तपासण्या झाल्या आणि कळलं, एका जीनमध्ये बिघाड आहे. त्याचं नाव एटीपी२बी२, मोटारसायकलच्या नंबरासारखं. बाई म्हणाल्या, ऐकताना कानाच्या पेशींत कॅल्शियम शिरतं आणि पेशीच्या पडद्यावरचा बारकासा पंप ते परत बाहेर फेकतो. तो पंप कसा बनवायचा, हे त्या जीनमध्ये असतं. हिचा पंप कमजोर आहे. कानाला मशीन लावा, काही महिन्यांनी परत या. ऐकू येणं अजून कमी होऊ शकतं, कदाचित होणारही नाही. मला फक्त पहिलं अर्धं ऐकू आलं.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, फक्त पंप ऐकू आला. आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. आजही केशोरीकडे कुठं तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला भेग पडली, की लोक त्यांनाच बोलावतात. पाण्याच्या गोष्टीत त्यांना कोणी शिकवायचं नाही. घरी पाय ठेवताच त्यांनी निकाल दिला, "पानी बाहेर जाऊन नाही राहिलं, त आत येनारं बंद कराचं. पोरीचं दूध बंद."

झालं. दूध गेलं, दही गेलं, ताकही गेलं. गोठ्यात दुभती गाय आणि पोरगी काळा चहा पिते. मामाजींनी स्वतःची चुन्याची डबीसुद्धा उंच खुंटीला अडकवली, चुन्यातही तेच कॅल्शियम, नातीचा हात लागू नये म्हणून. मी भांडले.

"मामाजी, कान म्हणजे काय तलाव हाय का?"

"मंग का हाय?"

कप्पाळ माझं! आणि खरं सांगू, माझीही हिंमत होत नव्हती. मी चोरून दूध पाजलं आणि पोरगी ठार बहिरी झाली, तर? नवरा धानाच्या बांधीत, त्याचं आपलं बापाच्या हो ला हो. मामाजींवर धड रागावताही येईना, कारण त्यांनी स्वतःही दूध सोडलं होतं. "नातीन पिऊन नाही राहिली, त मी कायले पिऊ?" म्हणायचे. हट्टी माणूस, पण मनाचा साफ.

परत तपासणीला गेलो. पोरीला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की हात वर करायचा. मी बाहेरून तिचा हात बघत होते. तो जरा वेळ खाली राहिला, की माझाच हात वर जायचा. मामाजी शेजारी बसून दुपट्ट्याचं टोक पिळत होते.

बाईंनी जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवला. म्हणाल्या, "आहे तसंच आहे. जराही कमी झालेलं नाही."

"दूध बंद केलं ना आम्ही," मामाजी लगेच म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं?" मग पुन्हा समजावलं. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतः सांभाळतं, दुधातून मिळालं नाही तर हाडांतून काढून घेतं. कानाच्या पंपाला दुधानं काही फरक पडत नाही. आजपासून दूध सुरू करा.

मामाजींनी दुपट्ट्याचं टोक सोडलं. मग अगदी हळू विचारलं, "माह्याच्यानं तिचं काही बिघडलं त नाही ना?"

"नाही हो, काही बिघडलं नाही."

त्यांनी हात जोडले. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि जे रडू फुटलं, ते थांबेचना. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं होतं, सुटल्यासारखं वाटत होतं, तरी रडतच होते.

"आता काऊन रडून राहिली? बाईनं चांगलंच सांगलं ना," मामाजी चिडून म्हणाले.

पोरगी माझ्या मांडीला टेकून उभी होती. "आबाजी, आई रोजच रडते चुलीपाशी," ती म्हणाली. "मशीन काढून ठेवलं तरी मले आयकू येते."