चौथी मादी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे भिंगरी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. जेवताना त्याचा पाय हलायचा, बोलताना हातातला पाना फिरायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तर आतून पाणी येईपर्यंत हा त्यांच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी काढून बसलेला असायचा.

अर्धं आयुष्य त्याने इमारतींच्या पोटातल्या उभ्या, काळोख्या पोकळीत काढलं होतं. कुठे लिफ्ट अडकली की फोन याला. गेल्या गेल्या तो आधी दाराच्या फटीशी तोंड नेऊन आतल्यांना सांगायचा, "घाबरू नका, दाराला हात लावू नका, मी आलोच." मग हत्यारांची पिशवी उघडायची. इतकी वर्षं तारांच्या दोरांमध्ये वावरून त्याला कधी खरचटलंही नाही. पडला तो घरात, बल्ब बदलताना, स्टुलावरून. टाचेच्या हाडाचा पार चुरा झाला. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि बजावलं, "पाय जमिनीला टेकवायचा नाही. बसून राहायचं."

त्याची बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिचा हात असा स्थिर, की सुई आत गेली कधी आणि बाहेर आली कधी, लहान मुलांनाही कळायचं नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "हाड जुळेल हो. पण यांना बसवायचं कसं, तेवढं लिहून द्या."

पहिल्या आठवड्यात त्याने मिक्सर उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, मग दाराची बेल. दुरुस्त झाल्यापासून ती बेल फ्रिज सुरू झाला की आपोआप वाजायला लागली. दोन-तीनदा उठून रिकामं दार उघडल्यावर बायकोने लेकीला फोन लावला. "तुझ्या बाबांना बघायला काहीतरी आणून दे. नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते."

लेक काचेची टाकी घेऊन आली. सोबत पाण्याच्या पिशवीत चार मासे.

"बाबा, हे बेट्टा. फायटर म्हणतात ना, तेच. मासे बघून माणूस शांत होतो."

"बेट्टा? आणि याचा बाप कुठे आहे?"

"बाप नाही, सगळ्या माद्याच आहेत. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात म्हणे. माद्या नांदतात. दुकानदाराने स्वतः निवडून दिल्यात."

टाकी दिवाणाशेजारच्या बुटक्या कपाटावर बसली. एक तांबडी, एक निळी, एक पांढुरकी आणि चौथी गडद हिरवी, इतरांहून जरा दणकट, आखूड शेपटीची. भिंगरीने तासभर पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की फिल्टरची मोटर किंचित अडखळतेय. तो फिल्टर त्याने उघडला. मग लक्षात आलं, की चौथी सगळ्यांच्या मागे लागतेय. बाकीच्या पानाआड लपायच्या, ही तिथेही जायची. तो काचेवर टिचक्या मारून तिला दटावायचा. शांत व्हायचं राहिलं बाजूला, आता तो जेवतानाही मान वळवून टाकीकडे बघायला लागला.

"मासे तुम्ही बघताय की ते तुम्हाला?" बायको म्हणाली.

एका सकाळी टाकीच्या कोपऱ्यात, तरंगत्या पानाखाली, पांढरा फेस दिसला. बायको कामाला गेली होती. त्याला वाटलं, टाकी नीट धुतली गेली नाही, साबण राहिलाय. कुबडी काखेत मारून तो उठला आणि चमच्याने फेस काढून टाकला. दुपारी पाहिलं तर फेस हजर. पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पहिल्याहून दाट. त्याने फिल्टर उपसला, नळी फुंकून पाहिली, कुठे हवा शिरतेय ते शोधलं. फेस काही हटेना आणि भिंगरीही हटेना.

मग बायकोच्या सुट्टीच्या दिवशी घरात त्याची आरोळी घुमली. "अगं ये लवकर! मारलं हिने तिला!"

ती कणकेच्या हातांनी धावत आली. चौथीने तांबडीला अंगाचा विळखा घातला होता. विळखा सुटला तशा दोघीही निपचित होऊन कलल्या. तांबडीच्या पोटाखालून पांढरे बारीक दाणे निसटून तळाकडे जायला लागले. चौथी अंग झटकून शुद्धीवर आली, खाली झेपावली आणि एकेक दाणा तोंडात भरू लागली.

"अंडी खातेय बघ! राक्षसीण!" त्याने जाळी उचलली.

बायकोने त्याचं मनगट धरलं. "थांबा जरा."

चौथी भरल्या तोंडाने वर गेली. त्या फेसात तिने दाणे एकेक करून नीट बसवले, वर दोन-चार बुडबुडे चिकटवले आणि पुन्हा खाली आली.

बायको बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, ही ती नाहीये. हा तो आहे."

भिंगरीने दुकानदाराला फोन लावला.

"अशक्य, काका. चारही माद्याच आहेत."

"मग तुमच्या मादीने घर बांधलंय, अंडी वेचतेय. मी काय बारशाची तयारी करू?"

"शेपूट आखूड आहे का? पिसारा नाही? मग आखूड शेपटीचा नर असणार तो. लहान वयात फसायला होतं, काका. आता बाकीच्या माद्या लगेच बाहेर काढा, नाहीतर त्या अंडी खातील आणि तो त्यांना मारेल. फिल्टर बंद करा, फेस मोडेल. आणि काका, सारखा सारखा पाण्यात हात घालू नका."

तेवढ्या वेळात टाकीत रण माजलं होतं. निळी कोपऱ्यात घुसून अंडी मटकावत होती, तिला हाकलून तो परत येतोय तोवर पांढुरकी घुसत होती. तांबडी तर फाटक्या परांनी तळाशी पडलेली. भिंगरी एका पायावर उभा राहिला, जाळी पाण्यात घातली आणि घाईने अशी फिरवली की लाट उठून फेसाचे दोन तुकडे झाले.

"सरका," बायको म्हणाली. हात धुऊन तिने जाळी घेतली, पाण्यात बुडवून तशीच स्थिर धरली आणि चमच्याने हलकेच ढोसून निळीला आत येऊ दिलं. मग पांढुरकीला. तांबडीला तिने ओंजळीतच उचललं. तिघी बादलीत गेल्या.

फिल्टरचं बटण मात्र भिंगरीलाच दाबायचं होतं. बंद पडलेलं यंत्र चालू करायचं, हाच त्याचा जन्माचा धंदा. चालतं यंत्र बंद करून सोडून द्यायचं त्याच्या हाताला जमेना. बोट बटणावर ठेवून तो तसाच उभा राहिला. शेवटी दाबलं. घर एकदम मुकं झालं.

तांबडी दुसऱ्या दिवशी मेली. बायकोने तिला गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. तो दाराशी कुबडीवर उभा होता. "मी बघत होतो गं सगळं," तो म्हणाला, "आणि फेस काढत बसलो." ती मातीवर पाणी शिंपडून आत गेली.

त्यानंतर त्याला कशातच चैन पडेना. नर काही खात नव्हता, फेसाखालून हलत नव्हता. अंडी सुटून पडली की वेचून आणायचा, फुटलेल्या बुडबुड्यांच्या जागी नवे लावायचा. भिंगरीही दिवाणावरून हलत नव्हता, पण हलत नव्हता म्हणजे पाय तेवढा हलत नव्हता. पाणी गार तर झालं नसेल? ऊन जास्त तर येत नाही? पडदा ओढ, पडदा सार. संध्याकाळी वीज गेली आणि पाणी गरम ठेवणारा हीटर बंद पडला, तेव्हा त्याने टाकीला घरातलं जाड ब्लँकेट गुंडाळलं आणि वर चादर.

"मला ताप आला होता तेव्हा कधी विचारलं नव्हतं, पांघरूण हवंय का म्हणून," बायको मेणबत्ती लावत म्हणाली.

"तेव्हा मी कुणाच्या तरी लिफ्टपाशी असेन."

"असणारच."

वीज आली. ब्लँकेट काढताना दोघांनीही मान खाली घातली होती.

आणि मग पिल्लं निघाली. फेसाखाली बारीक स्वल्पविरामांची रांग लटकली. अजून पोहता येत नव्हतं. एखादं सुटायचं, गिरक्या घेत तळाशी जायचं आणि बाप त्याला तोंडात धरून पुन्हा वर लावायचा. एकाला लावतोय तोवर दुसरं सुटायचं. बायको आंघोळ करून बाहेर येत होती. तिला दिवाणावरून आवाज ऐकू आला.

"घाबरू नका. हलू नका. तो येतोय, आलाच बघा."

ती दारातच थांबली. नवऱ्याचा असा आवाज तिने संसारात कधी ऐकला नव्हता. घरी यायचा तो थकून, तिरसटून, हत्यारांची पिशवी आपटत. लोक रस्त्यात तिला थांबवून सांगायचे, तुमच्या मिस्टरांनी फार धीर दिला हो आम्हाला. तिला वाटायचं, बोलायची पद्धत असते एक. ती केस पुसत तिथेच उभी राहिली आणि त्याचं बोलणं थांबेपर्यंत आत गेली नाही.

दुकानदाराने सांगितलं, पिल्लांना डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात, कुजक्या पाल्याच्या पाण्यात होतात ते. बायकोने फुलदाणीतलं विसरलेलं पाणी बाटलीत घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचा थेंब लॅबच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लॅबचे डॉक्टर मागून येऊन म्हणाले, "हा पेशंट कोण?" ती दचकली. पण थेंबात नुसती गर्दी वळवळत होती. घरी येऊन तिने ते पाणी ड्रॉपरने टाकीत सोडलं. पिल्लं पोहू लागली तसं तिने बापाला बाहेर काढून वेगळ्या बरणीत ठेवलं. भिंगरीला ते पटत नव्हतं. "एवढं केलं त्याने, आणि त्यालाच हाकलायचं?"

"उपाशी आहे तो. आता पोहणारं काहीही खाईल. स्वतःची पोरंसुद्धा."

तरीही पिल्लं मरत गेली. रोज सकाळी तळाशी बारीक पांढरे धागे दिसायचे. त्याने पाणी बदललं, पाला बदलला, टाकीची जागा बदलली. एकदा चिडून ओरडला, "कुठे बिघाड आहे तेच सापडत नाही!"

"बिघाड नाहीये. एवढी सगळी जगत नसतात."

हे उत्तर त्याला मानवलं नाही. पण काही जगली. प्लॅस्टर निघालं तेव्हा ती नखाएवढी झाली होती आणि त्यांच्या अंगावर रंग चढत होता. भिंगरी काठी टेकत, लंगडत कामावर गेला. पहिल्याच दिवशी त्याला तीन इमारतींतून बोलावणं आलं आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तकतकी आली. शांत काही तो झाला नव्हता.

झालं वेगळंच. लॅबमध्ये सुई टोचता टोचता बायकोला आठवायला लागलं, की टाकीवरचं झाकण नीट लावलं का? ती त्याला फोन करायची. तो यंत्रखोलीत तेलकट हातांनी उचलायचा. "लावलं असशील. तू कधी विसरतेस?" तिला ते पुरायचं नाही. एक दिवस सकाळी निघताना तिला दोन पिल्लं परस्परांसमोर कल्ले फुगवून उभी दिसली होती. दुपारपर्यंत तिने दम धरला. मग एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि तिला शीरच सापडेना. तिने पट्टा सोडला, शेजारच्या खुर्चीवरच्या सहकारिणीला "तू घे जरा" म्हटलं आणि रजा न मागता घरी निघाली. नोकरीत असं तिने कधी केलं नव्हतं.

टाकीत परांच्या चिंध्या तरंगत होत्या. नर आता नर झाले होते.

भिंगरी संध्याकाळी आला तेव्हा स्वयंपाकघरात चूल थंड होती आणि बायको जमिनीवर बसली होती. भोवती घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एकेक मासा. शेजारच्याला बघून जो तो फुगत होता.

"एकमेकांना दिसता कामा नयेत," ती म्हणाली. "पुठ्ठा आणा."

त्याने बुटांचं खोकं आणलं. ती पट्ट्या कापत गेली, तो बरण्यांमध्ये उभ्या करत गेला. दुखरा पाय लांब पसरून तो कधी नव्हे तो जमिनीवर बसला होता. इतक्यात फोन वाजला. मागच्या रस्त्यावरच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत दोघं होते.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी बसते इथे."

त्याने पिशवी उचलली. पण त्याच्या मागे दार लागायच्या आत ती उठली होती, आणि शेवटच्या बरणीपुढची पट्टी सरकवून आत वाकून बघत होती.