हौदातलं उटणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि गंमत बघा — ही गोष्ट आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे. फक्त तिच्यातला माणूस चुकीचा आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या फौंड्रीनं मला आणि सलीमला वर्षभर जपानला धाडलं, ओतकाम शिकायला. लहानसं शहर. काय दिवस होते ते! सायकलवरून कारखान्यात जायचं, येताना कोबी घ्यायचा, भातावर आईची कांदा-लसूण चटणी. घरमालकानं ती एकदा चाखली, घळाघळा रडला आणि पुन्हा वाटी पुढं केली. दोन महिन्यांत आम्ही तिथलेच झालो.

खोलीला न्हाणीघर नव्हतं. सगळ्या गल्लीचं एकच, एका म्हातारीचं. बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच गरम पाण्याच्या हौदात बसायचं. पाणी सगळ्यांना तेच, म्हणून नियम कडक. मला तो माहीत होता — हे आधीच सांगून ठेवतो.

मग दिवाळी आली. आईनं पार्सलातून उटणं धाडलेलं. न्हाणीघर उघडल्या उघडल्या आम्ही दोघं हजर. मी तेल चोळलं, उटणं लावलं, दोन तांबे पाणी घेतलं — आणि थंडी अशी की सरळ हौदात उतरलो. डोळे मिटून किती सुखात होतो म्हणून सांगू? उघडले तर चहूकडं पिवळा तवंग.

सलीम पाठमोरा साबण लावत होता. मी गुपचूप बाहेर येऊन कपडे चढवले, तेवढ्यात आत गलका झाला. दोन म्हातारे आलेले, मालकीण आलेली, आणि समोर परका माणूस एकटा सलीम. आम्हाला न्हाणीघर कायमचं बंद केलं तर? मी दाराशी उभा. चार पावलं आत जायचं होतं — मी रस्त्यावर गेलो.

सलीमला उटण्याचा वास कळला नसेल का? तो वाकला, माफी मागितली, हौद उपसून घासला. पुढं आठ दिवस रोज घासला. म्हातारी एवढी खूश, की आम्ही निघालो तेव्हा सगळी गल्ली स्टेशनवर आली — त्याच्यासाठी. मला तो त्या दिवशी खोलीवर येऊन एवढंच म्हणाला, "पाणी झकास व्हतं की न्हाय?"

कोल्हापुरात परतल्यावर किस्सा रंगवला तो मी. सलीमनं जपान्यांचा हौद कसा पिवळा केला! तालमीच्या कट्ट्यावर, लग्नांत, सगळीकडं. लोक पोट धरून हसायचे, सलीमही हसायचा. का सांगितला? पहिल्यांदा टाळी मिळाली म्हणून. नंतर मिळत गेली म्हणून.

दर दिवाळीला तो फराळाला येतो. एकदा आईनं त्याला विचारलं, "का रं सलीम, माझं उटणं तुला कुणी दिलं?"

"मीच मागून घेतलं की, काकी," म्हणत त्यानं दुसरी करंजी उचलली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आता आई नाही. तिला खरं कधीच कळलं नाही. उटणं मी लावलं होतं, हौदात मी उतरलो होतो.

काल पोरांनी पुन्हा तो किस्सा मागितला. सलीम समोरच बसला होता, चिवडा खात. मी सांगितला — नेहमीसारखाच.