झेंडूच्या माळेखालची पेटी

ओतूरच्या स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत कॅमेऱ्याची कार्डं त्याच दिवशी रिकामी करून पुढच्या लग्नाला न्यायची, हा आमचा शिरस्ता. सगळं शूटिंग जातं काउंटरमागच्या एका काळ्या पेटीत. नेटवर्कला जोडलेली स्टोरेजची पेटी, आत दोन डिस्क. एकीवर जे जाईल तेच दुसरीवर. मी गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचो, "दोन ठिकाणी असतंय राव, काळजीच सोडा!" दोन्ही ठिकाणं एकाच डब्यात आहेत, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

खंडेनवमीला बायकोनं सगळी हत्यारं पूजेला मांडली. कॅमेरे, लाइट, ड्रोनसुद्धा. पेटी आम्ही कधीच बंद करत नाही, म्हणून ती चालूच होती. मीच म्हणालो, "तिलाबी घाल की माळ, सगळ्यात जास्त तीच राबती." झालं! हळदकुंकू, अक्षता, झेंडूची जाड माळ, वर नवा कोरा खण. मांडलेली पूजा त्या दिवशी हलवत नाहीत. शटर ओढून आम्ही घरी गेलो.

दसऱ्याला शटर उघडलं, तर पेटी तव्यासारखी तापलेली आणि लाल दिवा लागलेला. मागच्या पंख्यात पाकळ्या आणि अक्षता अडकून तो गच्च बसला होता. मी येड्यासारखा बंद-चालू, बंद-चालू करत राहिलो. आतून नुसती टकटक. बायकोवर असा ओरडलो की शेजारचा चहावाला आत डोकावला. ती एवढंच म्हणाली, "माळ घाल कोण म्हणलं व्हतं?"

आणि नेमकी त्याच आठवड्यात राजुरीची पोरगी आली. उन्हाळ्यात तिचं लग्न मीच शूट केलं होतं. त्यांच्याकडून अल्बमचे फोटो निवडायचे राहिले, म्हणून मीही अजून काहीच दिलं नव्हतं. मधे गणपतीत तिचे वडील झोपेतच गेले.

"भाऊ, आण्णांचा व्हिडिओ कुणी कधी काढलाच नाय. लग्नातला असंल तेवढाच. तेवढा द्या, बाकी अल्बम-बिल्बम काय नको मला."

काहीतरी थाप मारावी असं वाटलं, पण जीभ उचलेना. तिला सरळ पेटी दाखवली. ती रडलीसुद्धा नाही, आणि तेच मला सहन होईना.

डिस्क घेऊन पुणं गाठलं. दुरुस्तीवाला म्हणाला, एक कायमची गेली, दुसरीतून निघेल ते निघेल. वर म्हणतो, "सारखी चालू-बंद कशाला करत बसलात?" कपाळ माझं! त्याचा फोन येईपर्यंत घास गिळवत नव्हता. लेण्याद्रीच्या गणपतीला घरूनच हात जोडले. हार घालायची आता भीतीच बसली होती.

जे निघालं ते नव्या डिस्कवर आलं. फाइलींची नावं गेलेली, निम्म्याअधिक उघडतच नव्हत्या. पोरगी शेजारी स्टुलावर बसली आणि आम्ही एकेक लावून बघू लागलो. हळद, वरात, अक्षता. तिचा बाप कुठंच नाही. असणार तरी कसा? पोरीचा बाप लग्नात कॅमेऱ्यासमोर थांबतो कुठं? तो आचाऱ्याकडं, पाण्याच्या टँकरकडं, रुसलेल्या पावण्यांच्या मागं. पाठ दिसायची, टोपी दिसायची, की गेला. एवढं करूनही हिला द्यायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

शेवटी पंगतीतली एक फाइल उघडली. जिलेबीचं ताट घेऊन कुणीतरी समोरून येत होतं.

"आण्णा!" ती ओरडलीच.

चेहरा नीट दिसायच्या आत त्यांनी कॅमेऱ्यासमोर तळहात धरला. पडदाभर तो हात, आणि मागून हसरा आवाज, "माझं कशाला काढताय राव, पोरीचं काढा की!"

तिथंच फाइल तुटली. पडद्यावर हात तसाच राहिला.

आता ही मला शिव्या घालणार, असं वाटून मी मान खाली घातली.

"अंगठ्याला चिंधी हाय बघा," ती म्हणाली. "मांडव बांधताना लागलं व्हतं. लग्नाच्या सकाळी मीच बांधली."

मग मात्र ती हमसून हमसून रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "परत लावा, भाऊ."