पोरांच्यात बसणारे दाजी

लहान पोरांचं बोलणं आमच्या दाजींइतकं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात सापडायचा नाही. मोठ्यांचं मात्र ते मुळीच ऐकायचे नाहीत. माझ्या ताईला विचारा. पोरं आपापसात कशी वागतात, कशी बोलतात, हे विद्यापीठाच्या अभ्यासासाठी टिपायला ते वर्षभर राजूरजवळच्या आमच्या गावी, म्हणजे थेट सासुरवाडीतच मुक्कामाला होते. दिवसभर अंगणवाडीमागच्या लिंबाखाली, पोरांच्या उंचीला यावं म्हणून उकिडवे बसायचे आणि वहीत लिहायचे. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, मध्ये पडायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा एसटी-एसटीच्या खेळात पोरांनी त्यांना प्रवासी केलं. पोरं जेवायला घरी पांगली, तरी हे उन्हात तसेच बसून. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "अजून जाफराबाद आलं नाही. कंडक्टरला येऊ दे." अशा माणसाला जावई म्हणून सांभाळणं सोपं नव्हतं.

त्या अंगणवाडीत मेंढपाळाघरची काजल होती. बाईंसमोर तिच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही, घरी आजोबांसमोरही नाही. मग ती मुकी ठरली आणि आजोबांनी तिला जालन्याला मुक्या मुलांच्या निवासी शाळेत ठेवायचं नक्की केलं. "माझ्यापाशी बोलती ती," असं आई सांगून थकली, पण कुणी मनावर घेतलं नाही.

न्यायच्या दिवशी सकाळी दाजी मला घेऊन काजलच्या अंगणात जाऊन उभे राहिले. अभ्यास पुरा होईतो वही कुणाला दाखवायची नाही, हाही नेमच होता; तो मोडून ते पंचनाम्यासारखं वाचू लागले. "काजल लहान पोरांना : रांगेत बसा, मंग भाकर भेटन. काजल रडणाऱ्या पोराला : उगी ऱ्हाय, तुझी माय येऊन राह्यली."

पानामागून पान झालं. आजोबांनी आधी वहीकडे, मग काजलकडे पाहिलं. "हे समदं ही बोलली?"

"बोलते. मोठं माणूस दिसलं की गप्प होते. मला ती मोठ्या माणसांत धरत नाही."

मला हसू आलं, पण काजलची आई हसली नाही. "भाऊ, तुमाला इतक्या दिसाचं ठाव होतं. मी एकलीच सांगून राह्यले होते."

दाजींची मान खाली गेली. "चुकलं माझं," एवढंच ते बोलले.

काजल यंदा पहिलीत आहे. हळू आवाजात का होईना, वर्गात बोलते. दाजी आता दुसऱ्या गावी लिंबाखाली बसतात, पण पोरांच्यात जाण्याआधी घरोघर जाऊन आयांना विचारतात, "तुमचं लेकरू तुमच्यापाशी काय बोलतं?" आणि त्या सांगतात तेवढा वेळ बसून ऐकतात.