नावांच्या जागी चौकोन

कुंताबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पेशंटची नातेवाईक होती. अहेरीच्या पुढे जंगलातल्या रस्त्यावर आमचं एक छोटं धर्मादाय हॉस्पिटल आहे. मी तिथे रक्ततपासणीचं काम करतो. मूळचा भद्रावतीचा, नाव गोपाल. कुंताबाईच्या धाकट्या भावाला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मग अंगभर कळा येतात, रक्त कमी होतं. ती त्याला घेऊन यायची आणि तो वॉर्डात पडलेला असताना बाकीच्यांचे फॉर्म भरून द्यायची. घरची माणसं प्राणहिता नदीवर जाळं टाकणारी. तिने बारावी करून अहेरीत कम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि लग्न मोडून माहेरी परत आली होती. हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला नोंदींच्या खोलीत काम दिलं. त्याला आता बारा वर्षं झाली.

नोंदींचा प्रोग्राम नंदिनी नावाच्या एका इंजिनिअर बाईने लिहिला होता. ती दीड वर्ष सेवा म्हणून आमच्याकडे राहिली. प्रत्येक पेशंटचं रक्त किती, कळा कधी आल्या, कोणतं रक्त चढवलं, चढवताना त्रास झाला का, सगळं त्यात. प्रोग्राम जावा नावाच्या कम्प्युटर-भाषेत लिहिलेला आणि ज्या खोक्यावर, म्हणजे कम्प्युटरवर, तो चालायचा त्यात विंडोज नव्हतं, फ्रीबीएसडी नावाची प्रणाली होती. आमच्या भागात ते नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं. नंदिनीचा त्या प्रणालीवर विश्वास होता आणि तो खोटाही नव्हता. खोका महिनोन्‌महिने बंद न पडता चालायचा.

नोंदी तिने कुलूपबंद ठेवल्या होत्या. त्याला कारण होतं. मुलीला सिकलसेल आहे हे गावात कळलं की ठरलेलं लग्न मोडतं. म्हणून कुलूप उघडणारा लहानसा भाग तिने असा बनवला की तो फक्त फ्रीबीएसडीवरच चालेल. कोणी फाइल उचलून दुसऱ्या कम्प्युटरवर नेली तरी हाती काही लागू नये.

जाण्याआधी तिने कुंताबाईला जावा शिकवला. कुंताबाई वहीत मराठीत लिहून घ्यायची आणि समजलं नाही की सरळ सांगायची, "मले हे नाई समजलं, पुन्हा सांगा." पुढे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदिनी वारली. बातमी आली त्या दिवशी कुंताबाईने काम थांबवलं नाही, पण दुपारी डबा उघडला नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, धान पिवळं पडत होतं तेव्हा, हॉस्पिटलच्या आवारात वीज पडली. नोंदींचा खोका जळाला. आतल्या दोन डिस्कांपैकी एक वाचली. डॉक्टरबाईंनी ऑफिसमधला दुसरा कम्प्युटर दिला. कुंताबाईने वाचलेली डिस्क त्याला जोडली, तर जुनी प्रणाली अर्ध्यापर्यंत यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. कम्प्युटर नवा, प्रणाली जुनी, दोघांचं जमेना.

"नवी टाका लागते, भाऊ," ती मला म्हणाली. "वेगळ्या डिस्कवर. याले हात लावला आन् हे बी गेलं तं काय करू?"

आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचं, आणि तेही पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढलं तर. म्हणून ती पहाटेच्या बसने चंद्रपूरला गेली. स्टँडजवळच्या एका कम्प्युटर दुकानात बसून तिने नवी फ्रीबीएसडी पेनड्राइव्हवर उतरवली. पण नोंदींचा प्रोग्राम चालवायला जावाही बसवावा लागतो, तो मात्र तिला सापडेना. नेहमीच्या पानावर विंडोज, मॅक आणि लिनक्स एवढेच पर्याय. दुकानदार म्हणाला, "लिनक्सचा घेऊन जा ना बाई, एकाच खानदानातले आहेत. नाईतर मी विंडोज टाकून देतो, झंझट खतम." तिने लिनक्सचा घेतला.

परत येऊन तिने प्रणाली बसवली. ती बसली. जावा चालवला तर पडद्यावर एक ओळ आली: ही फाइल या यंत्राची नाही. कुंताबाईने ती ओळ मला बोट ठेवून दाखवली.

दुसऱ्या दिवशी ती टाकीच्या जिन्यावर मोबाइल घेऊन वाचत होती. मी चहा घेऊन वर गेलो.

"जावा आपल्या हातानं बी बनवता येते म्हणते," ती म्हणाली. "सगळं सामान देऊन ठेवलं हाये. पण बनवाले आधी जावाच लागते. माह्याकडं जावा असता तं मी इथी कायले चढली असती?" हे बोलताना ती हसली नाही.

मग तिला कळलं की फ्रीबीएसडीचं स्वतःचं भांडार असतं, त्यात तयार जावा आहे. पण तो एकटा येत नाही, त्याला लागणारे पंधरा-वीस तुकडे सोबत हवे, आणि सगळे नेमक्या त्याच आवृत्तीचे. ती एकेक उतरवत गेली. मोठा तुकडा अर्ध्यावर आला की नेट जायचं. दोन दिवस तिने त्या जिन्यावर काढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाई नको, तोवर कागदावर लिहू.

पाचव्या दिवशी सकाळी डिंपल आली.

बावीस वर्षांची पोर, सहावा महिना चालू. नवरा बिरजू तिला मोटरसायकलवर मधे बसवून, मागून आपल्या बहिणीला धरायला लावून घेऊन आला होता. श्वास लागत होता, डोळे पिवळे. मी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन चारच्या खाली. लगेच रक्त चढवायला हवं होतं. तिच्या गटाच्या चार पिशव्या माझ्याकडे होत्या. चारही मी तिच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या आणि चारही जुळल्या नाहीत.

याचा अर्थ मला माहीत होता. तिला पूर्वी कधी रक्त दिलेलं होतं आणि त्या परक्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात काहीतरी तयार झालं होतं. ते नेमकं काय, हे शोधायची सोय आमच्याकडे नाही.

बिरजू आणि त्याची बहीण बाहेर गेल्यावर कुंताबाईने तिला विचारलं, "डिंपल, कार्ड कुठी हाये तुह्यं? सिकलसेलचं लाल कार्ड?"

"जाळलं," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी. यायले माहीत नाई." मग म्हणाली, "दोन साल आधी, धान कापाच्या टायमाले, इथीच रक्त देल्लं होतं. तवा लई थंडी वाजली होती. मंग नागपूरले तपासाले पाठवलं होतं."

म्हणजे उत्तर आमच्याकडेच होतं, त्या डिस्कवर.

चंद्रपूरपर्यंतचा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. अकरा वाजता जीप तिच्या रक्ताचा नमुना घेऊन निघाली. चंद्रपूरच्या रक्तपेढीचा माणूस फोनवर म्हणाला, "काय तयार झालंय ते आधी कळलं तर तशा पिशव्या काढून ठेवतो, जीप आली तशी परत जाईल. नाही कळलं तर सगळं शोधावं लागेल. उद्यावर जाईल. आणि तपासणारे पाचला निघतात."

मी नोंदींच्या खोलीत जाऊन कुंताबाईला हे सांगितलं. तिने मान हलवली. शेवटचा तुकडा सकाळीच उतरला होता.

बारा वाजता जावा बसला. प्रोग्राम सुरू केला तर पडदा तसाच राहिला. चूक नाही, ओळ नाही, काही नाही. तिने तीनदा केलं. मग ती म्हणाली, "बसवताना आखरीले चार ओळी आल्या होत्या. म्या वाचल्या नाई." तिने त्या पुन्हा काढल्या. जावाला या प्रणालीत दोन खास कप्पे आधी जोडून द्यावे लागतात, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. तिने ते जोडले. प्रोग्राम उघडला आणि कुलपापाशी अडला.

कुलूप उघडणारा भाग जुन्या प्रणालीसाठी बनलेला. तो आता नव्याने बनवायचा होता. नंदिनीने लिहिलेला मजकूर डिस्कवर होता, पण कुंताबाई ज्यात शिकली होती तो लिहायचा मोठा प्रोग्राम इथे चालेना. म्हणून तिने साध्या काळ्या पडद्यावर काम सुरू केलं. जुन्या डिस्कचा पत्ता चार ठिकाणी लिहिलेला होता, तो बदलला. पहिल्यांदा बनवलं तेव्हा अकरा चुका निघाल्या. ती एकेक वाचत होती, ओठ हलवत, वही चाळत. मी दारात उभा होतो. पलीकडे डिंपलला ऑक्सिजन लावलेला, आणि बिरजू पाच-पाच मिनिटांनी येऊन विचारत होता, "काय झालं भाऊ? रक्त काऊन नाई देऊन राह्यले?" कम्प्युटर बंद आहे, असं त्याला कसं सांगणार?

अकराच्या तीन झाल्या. तीनच्या पुन्हा सात झाल्या. तेव्हा कुंताबाई टेबलावर डोकं टेकून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "नंदिनीताई, मले नाई जमून राह्यलं." मग उठून तोंड धुऊन आली आणि सातही चुका पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. एका जागी अर्धविराम राहिला होता. सहा चुका त्या एकीतून निघालेल्या. सातवी तिने वही बघून दुरुस्त केली.

पावणेचारला यादी उघडली. दोन हजारांवर पेशंट. आणि नावांच्या रकान्यात नुसते चौकोन. रिकामे, एकसारखे चौकोन, वरपासून खालपर्यंत. नव्या प्रणालीत मराठी अक्षरांचा फॉन्ट नव्हता.

आकडे दिसत होते, इंग्रजी अक्षरं दिसत होती. कुंताबाईने वय लावलं, रक्तगट लावला, दोन वर्षांमागचे धान कापणीचे महिने लावले. आठ बायका उरल्या. त्यांतल्या एकीच्याच पुढे त्रासाची खूण होती आणि नागपूरचा अहवाल होता: अँटी-ई, म्हणजे परक्या रक्तातल्या 'ई' घटकाविरुद्ध तयार झालेलं.

"हेच हाये," ती म्हणाली. "लावा फोन."

मी लावला नाही. मी म्हणालो, "कुंताबाई, नाव दिसल्याशिवाय मी कसं सांगू? दुसरी कोणी निघाली तर? चुकीचं रक्त गेलं तर जीव जाईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. मोबाइल उचलला आणि टाकीकडे पळाली.

फॉन्ट लहान होता, पण नेट त्या दिवशी तसंच होतं. ती खाली आली तेव्हा सव्वापाच झाले होते. बसवायला वीस मिनिटं गेली. चौकोनांच्या जागी अक्षरं आली आणि त्या ओळीत डिंपलचं नाव होतं, बापाचं नाव, माहेरचं गाव. मी फोन लावला. तपासणारे निघून गेलेले. त्यांना घरून बोलावलं, ते आले, पिशव्या काढल्या, नमुन्याशी जुळवल्या. जीप तिथून निघायलाच आठ वाजून गेले, आणि वाटेत एका पुलावर ट्रक आडवा पडलेला होता. रक्त पहाटे पोचलं.

डिंपल वाचली. पोटातलं मूल रक्त पोचायच्या आधीच गेलं होतं. मुलगी होती.

मी नंतर डॉक्टरबाईंना विचारलं, चार वाजता फोन केला असता तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, गोपाल. पण एक गोष्ट मला सांगता येते, कारण ते माझंच काम आहे. नमुना रक्तपेढीत पोचलेला होता. मी दुसऱ्याच बाईचा अहवाल सांगितला असता तरी पिशवी नमुन्याशी जुळवल्याशिवाय पेढीने दिलीच नसती. चुकीचं रक्त जाणारच नव्हतं. त्या दुपारी मला हे सुचलं नाही. बारा वर्षांहून जास्त मी हेच काम करतोय आणि त्या दुपारी सुचलं नाही.

मी कुंताबाईला हे सांगितलं. ती यादीचे कागद छापत होती. आता महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी कागदावर काढून डॉक्टरबाईंच्या कपाटात कुलपात ठेवायच्या, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"तुमी घाबरले होते, भाऊ," ती म्हणाली. "मी बी त्या चार ओळी वाचल्या नाई. त्यातबी एक घंटा गेला." एवढंच. माझं समाधान करायचा तिने प्रयत्न केला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

पुढचे दोन महिने तिने एक दुसरा कम्प्युटर तसाच तयार केला. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, कोणते कप्पे जोडायचे, फॉन्ट कोणता, हे सगळं तिने मराठीत सोळा पानांवर लिहिलं. या काळात ती रोडावली. जेवताना मधेच उठून खोका चालू आहे का बघून यायची. आकाशात नुसतं गुरगुरलं तरी वायर काढायची, मग नोंदी अडल्या म्हणून नर्स ओरडायच्या.

जानेवारीत डिंपल तपासायला आली. एकटीच, बसने. बिरजूला आता आजार माहीत होता. तो काय म्हणाला, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती नोंदींच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाई, माह्याबद्दल काय लिवलं हाये, मले दाखवा."

कुंताबाईने तिला खुर्ची दिली. डिंपल हळूहळू वाचत गेली. रक्त, गट, त्रास, तारखा. मग एका जागी थांबली. मुलं किती, असा रकाना होता आणि त्यात शून्य होतं.

"हे बरोबर नाई," ती म्हणाली.

कुंताबाईने बघितलं. त्या रकान्यात फक्त जिवंत मुलांचा आकडा घालता येत होता. नंदिनीने तसाच बनवला होता. गेलेल्या मुलासाठी प्रोग्राममध्ये जागाच नव्हती.

"बस थोडा वेळ," कुंताबाई तिला म्हणाली, आणि काळा पडदा उघडला. अर्धा तास लागला. दोन चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या, पुन्हा बनवलं. नवा रकाना आल्यावर तिने विचारलं, "तारीख सतरा टाकू का अठरा?"

"अठरा," डिंपल म्हणाली. "पहाटचं होतं."

कुंताबाईने अठरा टाकली.